आधी खार, मग गंज: वडिलांच्या हत्यारपेटीविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चवथीला ठाण्याहून गावी आलात, माळा झाडताना वडिलांची पत्र्याची हत्यारांची पेटी सापडली. वडील ट्रॉलरवर इंजिन ड्रायव्हर होते. पेटी २० वर्षं त्यांच्याबरोबर बोटीवर फिरली आणि ते गेल्यावर १२ वर्षं माळ्यावर पडून राहिली. पाच खणांची, दोन्ही बाजूंना उलगडणारी, मूळचा रंग हिरवा. झाकण अर्ध्यात अडकतं, तळाला दोन भोकं आहेत, कोपऱ्यांत गंजाचे पापुद्रे सुटलेत. रजा सात दिवसांची. शेजारच्यांनी संडास धुवायचं ॲसिड ओतायला सांगितलंय, तुम्ही स्प्रे रंगाचे दोन डबेही आणून ठेवलेत. परत जायच्या आत पेटी नव्यासारखी होईल का, असं विचारलंय.

पेटी वाचेल. सात दिवसांत रंगून तयार मात्र होणार नाही, आणि ॲसिडची बाटली अजून उघडली नसेल तर उघडू नका.

मी देवगड बंदरावर ३२ वर्षं बोटींची इंजिनं खोलतो-जोडतो. इथे लोखंड ज्या तऱ्हेने मरतं ते घाटावरच्या माणसाला सांगून पटत नाही. तिकडे बरोबर असलेला उपाय इकडे चार महिन्यांत उघडा पडतो, कारण तिकडचा गंज पाण्याचा आणि इकडचा मिठाचा. हे मी एक पेटी नासवून शिकलो. उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी मेस्त्रींनी त्यांची जुनी पेटी साफ करायला माझ्याकडे दिली. मी हेच ॲसिड ओतलं. दहा मिनिटं फसफसलं आणि पत्रा चांदीसारखा निघाला. दोन बादल्या पाणी मारलं, श्रावणातली एक उघडीप गाठून निळा ऑइलपेंट दिला आणि मोठ्या अभिमानाने पेटी नेऊन दाखवली. दिवाळीपर्यंत प्रत्येक जोडावर रंगाचे फोड आले होते. खिळ्याने एक फोडला तर आतून तपकिरी, चिकट पाणी आलं. शेडमध्ये ती बाटली जिथे अर्धवट झाकून ठेवली होती, तिथल्या भिंतीवर टांगलेले पानेसुद्धा नुसत्या वाफेने लाल झाले होते. मेस्त्री रागावले नाहीत. ते पाणी नखावर घेऊन त्यांनी मला दाखवलं आणि एवढंच म्हणाले, "पयली खार धुय, मगे गंजाक हात लाय." खार म्हणजे समुद्राचं मीठ.

संडासचं ॲसिड म्हणजे बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड. मिठात जे क्लोराइड असतं तेच त्यात असतं. म्हणजे मी पेटीतला गंज काढला आणि दर जोडात, दर दुमडीत नव्याने मीठ भरून वरून रंगाचं झाकण लावलं.

मीठ एवढं का नडतं, ते समजलं की पुढचं सगळं काम सोपं होतं. स्वच्छ पत्र्याला गंजायला हवेत बऱ्यापैकी दमटपणा लागतो, साधारण ६० टक्क्यांच्या वर. मीठ हवेतलं पाणी स्वतःकडे ओढून घेतं. खायचं मीठ ७५ टक्के आर्द्रतेला पाझरायला लागतं, आपल्या मिठाच्या बरणीत पावसाळ्यात दिसतं तसंच. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. कोकणात बारा महिन्यांत हवा इतकी कोरडी कधी होते? म्हणजे गंजाच्या पोटात खार बसलेली पेटी तुम्ही माळ्यावर ठेवा नाहीतर कपाटात, ती आतून सतत ओलीच असते. क्लोराइड गंजण्यात खर्चही होत नाही. तेच मीठ पुन्हा पुन्हा कामाला लागतं. म्हणून १२ वर्षं माळ्यावर एक थेंब पाणी न लागताही तुमच्या पेटीचा तळ फुटला.

दुसरी गोष्ट, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, दुपटीपासून सहापटीपर्यंत. दोन पत्रे जिथे एकमेकांवर चिकटवलेत तिथे तो फुगतो आणि जोड उचकटतो. झाकण अडकतंय ते बहुधा यामुळेच. पत्रा वाकलेला नसेल, सांध्यांत गंज फुगला असेल. जोर लावून उघडू नका.

आता कामाला लागू. पहिल्या दिवशी पेटीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, आणि घासायला सुरुवात करण्याआधी झाकणाची आतली बाजू आणि कडीजवळचा पत्रा ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसून नीट बघा. बोटीवर चार जणांच्या पेट्या एकत्र पडलेल्या असतात, म्हणून बहुतेक जण आपल्या पेटीवर पंचाने आद्याक्षरं ठोकतात, नाहीतर बोटीचा नंबर, नाहीतर वेल्डिंगचा एखादा ठिपका खूण म्हणून मारून ठेवतात. झाकणाच्या आत कुणी रंगाने फिल्टरचे नंबर लिहितात, कुणी टॅपेटच्या गॅपचं माप. तारेचा ब्रश एकदा फिरला की ते गेलं. ठोकलेली अक्षरं गंजाखाली असतील तर ॲसिडपेक्षा हळू उपायाने ती सुरेख उघडी पडतात. रंगाने लिहिलेलं काही सापडलं तर तेवढा पट्टा मी राखून ठेवीन आणि नंतर त्याच्या भोवतीने रंगवीन. पेटी नवी दिसली नाही तरी चालेल, वडिलांचं अक्षर पुसलं तर ते परत लिहायला कोणी नाही.

झाकण आणि खण मोकळे करायला डिझेल घ्या, त्यात थोडं इंजिन ऑइल मिसळा आणि रिपिटांवर, म्हणजे पट्ट्या जिथे फिरतात त्या प्रत्येक सांध्यावर, ब्रशने किंवा इंजेक्शनच्या सिरिंजने सोडा. तासभराने पुन्हा, रात्री पुन्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी धरून हलवून बघा. केसभर हलली तरी पुरे. पुढे-मागे, पुढे-मागे, मध्ये पुन्हा डिझेल, आणि तपकिरी चिखल बाहेर येईल तो पुसत राहा. घाई करून पक्कड लावली की पट्टी पिळवटते आणि मग पाचही खण वाकडे बसतात. एखादं रिपिट अजिबात सुटलं नाही तरच ते ड्रिलने काढायचं आणि त्या जागी ५ मिमीचा बोल्ट, दोन्हीकडे वायसर आणि नायलॉक नट (आपोआप सैल न होणारा) टाकायचा. नट इतकाच आवळा की पट्टी फिरेल.

पापुद्रे आणि सुटा रंग काढताना कोरडं घासू नका. जुन्या हिरव्या-लाल रंगांत शिशाचं प्रमाण भरपूर असायचं. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाखांत ९० भागांपर्यंत, मर्यादित करणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, तुमची पेटी त्याच्या कितीतरी आधीची. ती धूळ घरातल्या पोरांच्या नाकातोंडात जाता कामा नये. पाणी मारत मारत बोथट पटाशीने किंवा जुन्या करवतीच्या पात्याने खरवडा, निघालेला गाळ कागदावर गोळा करून बांधून टाका, विहिरीकडे किंवा परसात ओतू नका. हातात जाड मोजे, डोळ्यांना चष्मा. धनुर्वाताचं इंजेक्शन जुनं झालं असेल तर ते आधी घ्या. गंजक्या पत्र्याची धार ब्लेडसारखी लागते.

आता खरं काम, खार धुण्याचं. इथे घाई करू नका, बाकी कुठे केली तरी एकवेळ चालेल. संग्रहालयांत समुद्रातून काढलेल्या लोखंडी तोफा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं सोड्यासारख्या अल्कली पाण्यात ठेवतात, ते याचसाठी. मीठ पाण्यात निघून जातं आणि अल्कलीमुळे लोखंड त्या काळात गंजत नाही. आपली पेटी पातळ पत्र्याची आहे, तिला तीन दिवस पुरतात. धुण्याचा सोडा लिटरला २० ते ३० ग्रॅम. खायचा नव्हे, धुण्याचा. पाणी मात्र गोडं हवं. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी बऱ्याचदा मचूळ असतं. जिभेला जरा जरी खारट लागलं तरी ते या कामाला नको, नाहीतर एका हाताने काढायचं आणि दुसऱ्या हाताने भरायचं. चवथीच्या दिवसांत सगळ्यात चांगलं पाणी तुमच्या पागोळ्यांना आहे. मृगाच्या पहिल्या सरी छपरावरची खार घेऊन येतात, पण आतापर्यंत छप्पर तीन महिने धुतलं गेलंय. पागोळीखाली पिंप लावा.

एवढी पेटी बुडवायची कशात, हा पुढचा प्रश्न. अंगणात चार-सहा चिरे आयताकृती मांडा, पेटीपेक्षा वीतभर मोठे, आणि त्यात जाड प्लॅस्टिकची ताडपत्री पसरा. झाली टाकी. पाणी कमी लागावं म्हणून पेटीच्या पोटात आणि खणांत पाण्याने भरलेल्या, बूच घट्ट लावलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या ठेवा. त्यांनी जागा व्यापली की २० लिटरमध्ये पेटी बुडते. पुढे लिंबूसत्त्वाला पैसे पडतात तेव्हा हीच युक्ती कामाला येते. रोज सकाळी पाणी ओतून नवं भरा. पहिल्या दिवशी डिझेलचा तवंग येईल, म्हणून पहिल्या पाण्यात थोडी भांड्याची साबणपूड टाका. पेटीला ॲल्युमिनियमचा काही भाग असेल, कडी किंवा नावाची पट्टी, तर तो आधी काढून ठेवा. सोडा ॲल्युमिनियमला खातो.

सोड्याचे तीन दिवस झाले की गंज काढायला घ्या. माझा भरवसा लिंबूसत्त्वावर, म्हणजे किराणा दुकानात मिळणाऱ्या सायट्रिक ॲसिडवर आहे. लिटरला ५० ग्रॅम, २० लिटरला एक किलो. नुसतं टाकलं तर ते गंजाबरोबर थोडा पत्राही खातं, म्हणून मी त्यात सोडा मिसळतो. १०० ग्रॅम लिंबूसत्त्वाला ४० ग्रॅम धुण्याचा सोडा, चिमूट चिमूट टाकत, कारण जोरात फेस येतो. असं पाणी गंज सावकाश सोडवतं आणि चांगल्या पत्र्याला फारसं झोंबत नाही. पेटी त्यात बुडवून दर दोन तासांनी बाहेर काढायची, काथ्याच्या चोथ्याने घासायची, परत ठेवायची. आपल्याकडे तांब्या-पितळेला आमसुलं आणि बिंबली वापरतात, लोखंडाच्या डागालाही बिंबलीचा रस चालतो. त्यात ऑक्झॅलिक ॲसिड असतं. एखादा पाना त्याने साफ करून बघा, पण पेटीभर बिंबल्या कुठून आणणार?

रात्रभर विसरून राहू नका. पत्रा राखाडी, एकसारखा दिसायला लागला आणि खड्ड्यांच्या तळातले काळे ठिपके नखाने निघायला लागले की थांबायचं. लगेच सोड्याच्या पाण्यात बुचकळायचं, मग गोड्या पाण्याने तीन वेळा. शेवटचं पाणी न्हाणीतल्या चुलीवरचं कढत घ्या. कढत पाण्याने पत्रा तापतो आणि दुमडींतलं पाणीही स्वतःहून वाळतं. ऊन असेल तर तसंच उन्हात, नसेल तर केस वाळवायचा ड्रायर प्रत्येक दुमडीवर धरा. जिथे पत्रा परतून दाबलाय तिथे दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी लपून राहतं.

बॅटरी चार्जर लावून विजेनेही गंज काढता येतो, आणि ठोकलेली अक्षरं वाचवायला तो प्रकार सगळ्यात चांगला. पेटी ऋण टोकाला, धन टोकाला साध्या लोखंडाचा पत्रा, पाणी सोड्याचं. पण धन टोकाला स्टीलचं भांडं चुकूनही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हायड्रोजन निघतो, म्हणून बंद पडवीत नाही, उघड्यावर. पावसात उघड्यावर वीज नको, तेव्हा आत्ता हे सोडूनच द्या.

पेटी वाळली की तिला तेल न लावता एक रात्र पडवीत तशीच ठेवायची. माझ्या दृष्टीने ही सगळ्यात मोलाची पायरी, आणि बहुतेक जण नेमकी हीच गाळतात. सकाळी उजेडाला तिरकी धरून बघा. भाद्रपदाच्या हवेत उघडा पत्रा थोडा तरी धरणारच. सबंध पत्र्यावर हळदीसारखी हलकी झाक आली असेल आणि बोटाने पुसली जात असेल तर ती नुसत्या दमटपणाची, तिची काळजी नको. पण मोहरीएवढे सुटे सुटे ओले ठिपके दिसले, तपकिरी, कडेला किंचित गडद आणि बोटाला चिकट लागणारे, तर तिथे खड्ड्यात खार शिल्लक आहे. ते ठिपके नेहमी एकाच जातीच्या जागी येतात: तळाच्या कोपऱ्यात, दुमडीच्या ओठाला, रिपिटांच्या डोक्याखाली. ठिपके दिसले की पेटी परत सोड्याच्या पाण्यात दोन दिवस. मी एका तांडेलाची, म्हणजे बोटीच्या प्रमुखाची, पेटी तीनदा परत बुडवली होती. चौथ्या सकाळी ती कोरडी निघाली.

इथपर्यंत तुमची रजा संपेल, आणि ते बरोबरच आहे. धुण्याचं काम पावसाळ्यात, रंगाचं पावसाळा गेल्यावर. रंग देताना हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं त्याच्या, किमान ३ अंश वर असावं, हा रंगकामातला जगभर पाळला जाणारा नियम. सप्टेंबरात आपल्याकडे तो पाळता येईल याचा भरवसा नाही. डोळ्यांना कोरड्या दिसणाऱ्या पत्र्यावर पाण्याचा पापुद्रा असतो आणि रंग त्याच्यावर बसतो. म्हणून आता पेटीला सगळीकडून पातळ इंजिन ऑइल चोळा, दुमडींत सिरिंजने भरा, आणि घरात फळीवर सैल प्लॅस्टिक टाकून ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो. पेटी ठाण्याला नेलीत तरी चालेल, पण तिथली खाडीही खारीच आहे. ऑक्टोबरचं ऊन पडेपर्यंत तिथेही थांबा.

खोबरेल लावू का, असं मला पुष्कळ जण विचारतात. आठवड्याभरासाठी ठीक. पुढे ते खवट होतं, म्हणजे त्यातून आम्लं सुटतात, आणि वर धूळ धरतं. होड्यांच्या लाकडाला आपल्याकडे उंडीचं तेल, माशाचं तेल, काजूच्या सालीचं तेल पूर्वापार लावतात. काजूच्या सालीचं तेल पत्र्यावरही कडक थर धरतं, पण ते हाताला लागलं की कातडी भाजून निघते. जाणत्याच्या हातचं काम आहे ते. जवसाचं उकळलेलं तेल सुकून पातळ थर धरतं आणि आतल्या खणांना रंगापेक्षा छान दिसतं. फक्त त्याची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा, मग फेका.

दिवाळीला आलात की आधी भोकं. अशा पेट्यांचा पत्रा साधारण २० ते २२ गेजचा असतो, म्हणजे पाऊण ते एक मिलिमीटरच्या आतबाहेर. समुद्राकाठच्या सगळ्यात खराब हवेत, ज्याला गंजशास्त्रात सी-५ वर्ग म्हणतात, उघडं साधं लोखंड पहिल्या वर्षात ८० ते २०० मायक्रॉन झिजतं. ०.८ मिलिमीटर म्हणजे ८०० मायक्रॉन. हिशेब तुम्हीच करा, आणि भोकाच्या भोवतीचा पत्रा किती उरलाय ते पेचकसाच्या टोकाने दाबून बघा. दबला तर तोही कापून टाका. साध्या आर्क वेल्डिंगला हा पत्रा टिकत नाही, एका भोकाची पाच होतात. गॅसवर पितळी झाळ मारणारा कोणी असेल तर उत्तम. नसेल तर आतून तेवढ्याच जाडीचा पत्रा लावून स्टीलच्या पॉप रिपिटांनी ठोका, मधल्या फटीत प्रायमर ओला असतानाच. ॲल्युमिनियमची रिपिटं स्वस्त मिळतात, पण खाऱ्या ओलीत लोखंडाला टेकलं की ॲल्युमिनियम झिजतं आणि दोन पावसाळ्यांत रिपिट पोकळ होतं. टाचणीएवढी भोकं एम-सीलने बुजवा.

प्रायमरच्या आधी थिनरने तेल पुसून काढा, दोनदा, दर वेळी नवं फडकं. खड्ड्यांच्या तळाशी काळा गंज उरलाच असेल तर तेवढ्यावर फॉस्फॉरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा. ते गंजाचं लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं आणि ते पत्र्याला धरून राहतं. दिल्लीचा लोहस्तंभ १६०० वर्षं उघड्यावर उभा आहे त्यामागेही फॉस्फेटचाच थर आहे, आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी ते दाखवून दिलं. त्या लोखंडात फॉस्फरस भरपूर, आणि दिल्लीची हवा कोरडी. आपल्याकडे खार शिल्लक असेल तर कन्व्हर्टरही हरतो, म्हणून त्याला शेवटी आणलं.

रंगाचं थोडक्यात. सकाळी दहाच्या पुढे सुरुवात, तीनला हात धुवायचे, कारण संध्याकाळी दव उतरतं. आधी सगळ्या कडा कानसीने किंचित गोल करा आणि फक्त कडा, दुमडी, रिपिटांची डोकी ब्रशने प्रायमर भरून घ्या. ओला रंग धारेवरून मागे सरकतो आणि गंज पहिला तिथेच फुटतो. ते वाळलं की सबंध पेटीला दोन हात. रेड ऑक्साइड चालेल, झिंक फॉस्फेट मिळाला तर जास्त चांगला. बोटीच्या फिटिंगला मी दोन डब्यांचा इपॉक्सी वापरतो, पण एका पेटीसाठी तो उरून वाया जातो. तळ आणि खणांच्या खालची बाजू विसरू नका. तुमचे स्प्रेचे डबे वरच्या हातासाठी ठेवा. स्प्रेचा थर पातळ बसतो आणि फटीत जात नाही, म्हणून प्रायमर ब्रशनेच. काही स्प्रे रंगांतलं थिनर खालच्या थराला सुरकुत्या पाडतं, तेव्हा आधी तळावर तळहाताएवढ्या जागी मारून एक दिवस बघा. मूळ हिरव्या हॅमरटोनच्या, म्हणजे हातोडीने ठोकल्यासारख्या दिसणाऱ्या रंगाच्या, जवळचा रंग हवा असेल तर हार्डवेअरच्या दुकानात तो ब्रशने लावायचाही मिळतो. अक्षरं ठोकलेली असतील तिथे पुट्टी भरू नका, रंगही पातळ करून लावा. रिपिटांच्या सांध्यांत रंग जाऊ नये म्हणून तिथे ग्रीस चोपडा, रंग वाळल्यावर पुसून काढा.

रंग हाताला दुसऱ्या दिवशी वाळलेला लागतो, पण कडक व्हायला आठ-दहा दिवस घेतो. तोवर हत्यारं आत ठेवू नका, पान्याच्या पहिल्याच घसरणीला रंग निघेल. आत फेल्ट किंवा फोम घालायचा मोहही टाळा, दोन्ही पावसाळाभर ओल धरून बसतात. भोकाभोकांची प्लॅस्टिकची जाळी घाला, खाली हवा खेळते. पेटी कोब्यावर किंवा लादीवर टेकवू नका, दोन पट्ट्यांच्या वर ठेवा. मिठाची गोण, खताची पिशवी, बॅटरी, ॲसिडची बाटली आणि सुकं मासळीचं पिंप, या पाचांपासून लांब. आणि दर वर्षी आगोटीला, मे महिन्याच्या शेवटी, गोड्या पाण्यात पिळलेलं फडकं आतून-बाहेरून फिरवायचं, वाळवायचं, सांध्यांना दोन थेंब तेल सोडायचं.

आतल्या हत्यारांनाही हेच पाणी, हाच क्रम. फक्त कानशी वेगळ्या ठेवा, लिंबूसत्त्वात त्या तासाभरात साफ होतात आणि त्याहून जास्त राहिल्या तर दात बोथट होतात. पानेही एक रात्र पडवीत ठेवून बघा. एखाद्यावर सकाळी ते चिकट ठिपके आले तर तो पेटीत परत जायच्या आधी पुन्हा पाण्यात जाऊ दे. खार भरलेला एक पाना धुतलेल्या पेटीतही ती मागे ठेवून जातो, आणि ती दिसते ती पुढच्या चवथीला.